दाराबाहेरचं बोलणं

डॉक्टर तपासून झाले की खाटेवरच्या माणसाकडे बघून हसतात. ‘काही नाही, होईल बरं,’ म्हणतात. मग शेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकाला हळूच सांगतात, ‘तुम्ही जरा बाहेर या.’

हे वाक्य मी खाटेच्या दोन्ही बाजूंनी ऐकलं आहे. एकदा बाहेर जाणारा म्हणून, एकदा खाटेवर पडलेला म्हणून. ज्यांच्या घरी सध्या कुणी अंथरुणावर आहे त्यांनी हे वाचावं असं मला वाटतं. जे स्वतः अंथरुणावर आहेत त्यांनीही वाचावं. त्यांना एरवी कुणी काही धड वाचू देत नाही. मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. औषधांतलं मला काही कळत नाही, त्यामुळे ते इथं सापडणार नाही. ही मला आलेल्या तापाची हकीकत आहे आणि तिच्यात एक म्हातारा कुत्रा आहे. दोघांना वेगळं करून सांगायचा प्रयत्न मी करून पाहिला. जमलं नाही.

अल्सर

माझी बायको मालती पौषात गेली. ती शाळेत गणित शिकवायची. पोटात दुखायला लागलं तेव्हा तपासण्या झाल्या आणि डॉक्टर मला म्हणाले, ‘सर, जरा बाहेर या.’ व्हरांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ, त्यांनी मला आजाराचं नाव सांगितलं. काही महिने, म्हणाले. मी आत गेलो आणि मालतीला सांगितलं, अल्सर आहे.

ती म्हणाली, ‘बरं.’

पुढचे पाच महिने आमच्या घरात अल्सर होता. अकोल्याला असणारी मुलगी मीनल, जावई अमोल, कामाला येणाऱ्या कांताबाई, सगळ्यांना मी अल्सर पढवून ठेवला होता. फाइल मी पुस्तकांच्या कपाटात, बांधीव मासिकांच्या मागे लपवली. वस्तू कुठं ठेवली म्हणजे सापडत नाही, हे ग्रंथपालाला नेमकं ठाऊक असतं. मालतीनं कधी काही विचारलं नाही आणि मला त्याचा फार आधार वाटायचा. आपल्याकडे असंच करतात. पेशंटला सांगू नका, धीर सुटेल. माझ्या वडिलांच्या वेळी आईनं हेच केलं होतं.

तिच्या जाण्यानंतर मात्र मला एक सवय लागली. कुणी काही सांगितलं की हा काय लपवतो आहे, असं मनात यायचं. दूधवाल्यापासून बँकेतल्या बाईपर्यंत. स्वतः पाच महिने खोटं बोललेल्या माणसाला दुसऱ्याचं खरं ऐकू येत नाही.

आबा

ज्येष्ठात मीनल आली आणि म्हणाली, ‘बाबा, आईच्या चादरी किती दिवस ठेवणार?’ बडनेऱ्याच्या रस्त्याला पल्लवी नावाची एक मुलगी सोडून दिलेल्या कुत्र्यांसाठी शेड चालवते, तिथं जुन्या चादरी लागतात असं तिला कळलं होतं. मी गठ्ठा बांधून रिक्षानं गेलो. चादरी देऊन परतायचं होतं.

शेवटच्या कुंपणात एक पांढऱ्या तोंडाचा कुत्रा भिंतीला पाठ लावून बसला होता. मानेभोवती चार बोटं रुंदीचा पट्टा असा, की तिथं केसच नाहीत. पल्लवीनं न विचारता सगळं सांगितलं. अंजनगाव सुर्जीकडची कापसाची एक जिनिंग मिल बंद पडली, फाटकाला कुलूप लागलं, चौकीदार निघून गेला आणि कुत्रा साखळीला तसाच राहिला. जाणारे-येणारे भिंतीवरून भाकरी टाकायचे. किती वर्षं, ते कुणाला नीट सांगता येत नव्हतं. काढला तेव्हा साखळी मांसात गेली होती. निम्मे दात नाहीत. वय दहाच्या पुढं. नाव आबा, तिनंच ठेवलेलं.

‘आणखी काय आहे त्याला?’ मी विचारलं.

‘सगळं सांगितलं, काका.’

‘सगळं कुणी सांगत नाही.’

ती हसली. ‘काका, तुम्ही चादरी द्यायला आलात की साक्ष तपासायला?’

मी त्याला का आणलं, याचं उत्तर मीनलला मी तीन वेळा वेगवेगळं दिलं. खरं उत्तर असं आहे की मालती गेल्यापासून सगळे माझ्याकडे कीव करून बघत होते. हा एकटाच संशयानं बघत होता. मला ते बरं वाटलं.

कांताबाईंनी नाव ऐकून कपाळाला हात लावला. ‘आबा? माह्या सासऱ्याले आबा म्हन्तेत, सर. आता कुत्र्याले हाक मारली का मले पदर घ्या लागीन.’ आणि पुढचे काही दिवस त्या खरोखरच पदर सावरून त्याच्यासमोरून जायच्या, मला हसवायला.

आबा कुणासमोर खात नसे. भांडं ठेवलं की भांड्याकडे न बघता ठेवणाऱ्याकडे बघत राहायचा. उपाशी राहील, पण नजर काढणार नाही. किल्ल्यांचा आवाज झाला की पलंगाखाली जायचा. साखळीसारखा वाजत असावा. मी किल्ल्या रुमालात गुंडाळून ठेवायला लागलो. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला हात उंचावला तरी तो जमिनीला चिकटायचा. म्हणून वरच्या फळीवरची पुस्तकं खाली आली. पंधरा-वीस दिवसांनी मला युक्ती सापडली. भांडं ठेवायचं, खुर्ची भिंतीकडे वळवायची, पुस्तक उघडायचं आणि मागं बघायचं नाही. दोन-तीन पानं झाली की मागून ॲल्युमिनियमचं भांडं फरशीवर सरकल्याचा आवाज येई. त्या आवाजानं मला जेवल्यासारखं वाटायचं. रोज दोन वेळा आम्ही एकमेकांकडे पाठ करून असे असायचो. संसारात आणखी काय असतं.

भाद्रपदात मीनलच्या सासरी महालक्ष्म्या बसतात. अकोल्याच्या बाजारातला आघाडा सुकलेला असतो, अशी मालतीची तक्रार होती. दर वर्षी ती आमच्या घरामागच्या लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवरून आघाडा, दुर्वा, केना तोडायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून लेकीकडे न्यायची. या वर्षी ते मी केलं. दुर्वा निवडायला चांगला तासभर खाली मांडी घालून बसलो. जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळून अकोल्याला नेल्या. मीनलनं फडकं सोडलं आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी परत आलो. घरी आबा पलंगाखाली होता आणि कांताबाई म्हणत होत्या, ‘सासरेबुवा जेवले बरं का.’

ताप

दहा-बारा दिवसांनी डोकं दुखायला लागलं. मग थंडी वाजून ताप. डोळे हलवले तरी दुखायचे, त्यामुळे वाचणं बंद झालं. वाचता येत नाही म्हणजे आपण खरंच आजारी आहोत हे मला पटलं. चौथ्या दिवशी मीनल अकोल्याहून आली आणि आम्ही जवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, ‘घरात जनावर आहे का?’

मी काही बोलायच्या आत मीनल म्हणाली, ‘कुत्रा आहे. म्हातारा. कुठून कुठून आलेला.’

‘बघा, गोचीड वगैरे असतील त्याच्या अंगावर,’ डॉक्टर सहज म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला लागले.

इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. घरी आल्यावर मी स्वतः टॉर्च घेऊन बसलो आणि आबाचे कान उलटे करून पाहिले. त्यानं ते करू दिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं मला इतकं जवळ येऊ दिलं होतं, आणि मी पुरावा शोधत होतो. डाव्या कानात दोन गोचिडी सापडल्या. त्या रॉकेलच्या बाटलीत टाकल्या आणि बाटली मीनलला दाखवली. तेव्हा माझ्याही मनात आलं होतं की, तू काय घेऊन आलास माझ्या घरात?

मीनलनं ती हातात घेतली. बाटलीकडे बघत राहिली. संध्याकाळी मला उठून उभं राहता येईना, तेव्हा अमोल गाडी घेऊन आला आणि मला अकोल्याला नेलं. आबा कांताबाईंच्या भरवशावर राहिला. गाडीत बसताना मी मागं पाहिलं. तो दारात नव्हता. तो कधीच दारात नसायचा.

वॉर्ड

दवाखान्यात सकाळ पाच वाजता सुरू होते आणि ती दुपारपर्यंत संपत नाही. ताप बघणार, रक्त घेणार, फरशी पुसणार, पुन्हा ताप. माझ्या शेजारच्या खाटेवर चांदूर बाजारकडचे साहेबराव होते. त्यांना मुतखडा होता आणि घरी संत्र्याचा बगिचा.

‘तिकडे फळगळ होऊन राहिली, सर, अन् मी इथं झोपून राहिलो,’ ते दिवसातून चार वेळा सांगायचे. दवाखान्यांचा त्यांना दांडगा अनुभव होता. कुणाचा पेशंट किती गंभीर आहे, हे ते नातेवाइकांवरून सांगायचे. ‘लोकं भांडून राहिले म्हंजे पेशंट चांगला हाय. लोकं गोड बोलाले लागले का समजून घ्या.’

मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइडही नाही. रोज एकेक कागद यायचा आणि त्यावर ‘नाही’ असायचं. मला वाटलं होतं, ‘नाही’ ऐकून बरं वाटेल. उलट प्रत्येक ‘नाही’बरोबर मीनलचा चेहरा उतरत होता. तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. पोट दाबलं, छाती ऐकली, हसले.

‘काका, शेतात जाता का? जंगलात, गवतात?’

‘मी ग्रंथपाल होतो,’ मी म्हणालो. जणू त्यात सगळं आलं.

‘ठीक. होईल बरं.’ मग मीनलकडे वळून, हळू आवाजात, ‘तुम्ही जरा बाहेर या.’

दाराला वरच्या अर्ध्यात काच होती. काचेपलीकडे डॉक्टरांचे ओठ हलत होते आणि मीनल मान हलवत होती. ज्या कोनात तिनं मान धरली होती तो कोन मला ठाऊक होता. व्हरांड्यात पाण्याच्या टाकीजवळ मी तशीच धरली होती.

साहेबरावांनी उशीवरून मान उचलून पाहिलं. ‘बाहेर नेलं काय?’

‘हो.’

‘हम्,’ ते म्हणाले आणि मान पुन्हा उशीवर टेकवली.

मीनल आत आली. ‘काय म्हणाले?’

‘काही नाही बाबा. व्हायरल आहे.’

व्हायरल. मला तो शब्द लगेच ओळखू आला. तो अल्सरचा सख्खा भाऊ होता.

काळा डाग

चौथ्या दिवशी सकाळी अंग पुसताना सिस्टर थांबल्या. वयस्क बाई होत्या, फार बोलायच्या नाहीत. माझ्या कमरेला मागच्या बाजूला, पायजम्याची नाडी येते त्याच्या जरा खाली, त्यांनी बोट ठेवलं.

‘हे कधी भाजलं?’

‘कुठं काय भाजलं?’

मला तिथं दुखत नव्हतं, खाजतही नव्हतं, आणि दिसायचा तर प्रश्नच नव्हता. बिडीचा चटका बसावा तसा काळा, वाटाण्याएवढा डाग आहे, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी डाग पाहिला आणि त्यांचा आवाजच बदलला. या वेळी ते कुणाला बाहेर घेऊन गेले नाहीत.

‘काका, नीट आठवा. गेल्या पंधरा-वीस दिवसांत गवतात बसला होता?’

‘नाही.’

‘बागेत? नदीकाठी?’

‘नाही हो. मी घराबाहेर पडत नाही.’

मी खोटं बोलत नव्हतो. गवतात बसणं वेगळं आणि महालक्ष्म्यांसाठी दुर्वा निवडणं वेगळं. डोक्यात त्यांचे कप्पेच वेगळे होते. पहिल्या डॉक्टरांकडे मला ते आठवलं नाही, इथं दोनदा विचारलं तेव्हाही नाही. पूजेच्या कामाला कुणी गवतात जाणं म्हणत नाही.

मीनल खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिच्या हातातला थर्मासचा पेला तसाच राहिला.

‘आघाडा,’ ती म्हणाली. ‘बाबा, आघाडा.’

डॉक्टरांना तिनं सगळं सांगितलं. ते मान हलवत होते. गवतात एक बारीक किडा असतो, डोळ्यांना दिसतही नाही, तो चावला की असा डाग पडतो आणि हा ताप येतो. पावसाळा संपता संपता असे पेशंट येतात, बहुतेक शेतातले, म्हणून ग्रंथपाल म्हटल्यावर त्यांचंही लक्ष दुसरीकडे गेलं होतं. नाव स्क्रब टायफस. औषध बदललं. ‘आणि कुत्र्याचं?’ मी विचारलं. ‘कुत्र्याचा यात काही संबंध नाही,’ डॉक्टर म्हणाले.

मीनल खाली बघत होती. मला वाटलं, आघाडा तिच्या घरच्या पूजेसाठी होता म्हणून.

ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा. ताप उतरत नसेल तर घरच्यांनी पेशंटचं सगळं अंग पाहावं, लाज न धरता. मला पाठीमागं डोळे नव्हते आणि घरात बघणारं माणूस उरलं नव्हतं. मालती असती तर तिला तो डाग पहिल्या दिवशी दिसला असता.

ताप गेला, कुजबुज राहिली

दोन दिवसांत ताप उतरला. भूक लागली. सिस्टरांनी स्वतःच्या डब्यातली मेथीची भाजी दिली, ती मी आयुष्यात विसरणार नाही. सगळं ठीक होत होतं.

पण कुजबुज थांबली नाही, उलट वाढली. मीनल आणि अमोल काचेपलीकडे उभे राहून बोलायचे आणि मी बघितलं की गप्प व्हायचे. अमोल जरा फटकळ माणूस आहे, लग्नाला अकरा वर्षं झाली, मला नमस्कार करायलाही तो घाईत असतो. तो आता खाटेच्या कडेला बसून माझे पाय दाबायला लागला.

‘जावई पाय दाबून राहिले, सर, तुमचे,’ तो गेल्यावर साहेबराव म्हणाले. ‘मले तं काही बरं दिसत नाई.’

मलाही दिसत नव्हतं. मी हिशेब मांडला. ताप गेला आहे, तरी ते काहीतरी लपवत आहेत. म्हणजे तापाव्यतिरिक्त काहीतरी सापडलं आहे. पोटाची सोनोग्राफी झाली होती. तिचा कागद मला कुणी दाखवला नव्हता. मीनल बाथरूममध्ये गेली तेव्हा मी तिची पिशवी उघडली आणि फाइल शोधली. नव्हती.  लपवायची फाइल पेशंटच्या हाताशी कधी नसते, तेवढं मला माहीत होतं.

मग मला मालती आठवली. तिचं ते ‘बरं’. ती पाच महिने अशी पडून राहिली होती, दाराकडे बघत, ओठ हलताना बघत, आत आल्यावर आमचे हसरे चेहरे बघत. आणि आम्हाला वाटत होतं की आम्ही तिला धीर देतो आहोत. मरणाची भीती मला वाटली होती, नाही कशाला म्हणू? पण त्याहून भयंकर होतं ते हे, की खोलीतल्या सगळ्यांना माहीत आहे आणि एकट्यालाच नाही. माणूस जिवंतपणीच खोलीबाहेर काढला जातो.

घरी सोडायच्या दिवशी मी मीनलला म्हटलं, ‘दार लाव. खाली बस. किती दिवस आहेत?’

‘कशाचे?’

‘माझे.’

ती बघतच राहिली. ‘बाबा, तुम्ही काय बोलताय?’

‘तुम्ही बाहेर काय बोलता ते सांग. मी तुझ्या आईला हेच केलं. मला सगळे प्रकार माहीत आहेत.’

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अमोल खिडकीकडे गेला. शेवटी तोच बोलला, पाठमोरा.

‘बाबा, तुम्हाला काही नाहीये. तुमची फाइल गाडीत आहे, पाहिजे तर आत्ता आणतो. आबाला आम्ही घरातून काढलं.’

मीनल रडत सांगत होती. त्या दिवशी डॉक्टरांनी बाहेर नेलं होतं ते तापाचं कारण सापडत नाही, एवढंच सांगायला. गोचिडीची बाटली पाहून तिनं ठरवलं होतं. मला भरती केल्याच्या दुसऱ्याच दिवशी अमोल अमरावतीला जाऊन आबाला गाडीत घालून निघाला. कांताबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या होत्या, ‘सराले इचारलं का?’ म्हणून. त्यानंतर डाग सापडला, आघाडा निघाला, आणि आता मला कोणत्या तोंडानं सांगायचं म्हणून दोघं काचेपलीकडे उभी राहून तेच तेच बोलत होती.

‘कुठं सोडलं?’

‘मूर्तिजापूरजवळ. माझ्या मित्राच्या मामांचं शेत आहे.’

मी त्याच्याकडे बघितलं. शेत आहे, मामा आहेत. व्हायरल आहे. अल्सर आहे. रस्त्याच्या कडेला दार उघडून ढकलून दिलं असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

‘जाताना दाखवा,’ मी म्हणालो.

निघताना साहेबरावांनी हात जोडले. ‘मले वाटलं व्हतं, सर, तुमचं काही खरं नाई. माफ करजा.’

मूर्तिजापूर

शेत खरंच होतं. मामाही होते. मला त्यांची क्षमा मागावीशी वाटली, पण त्यांना कशाबद्दल ते सांगता आलं नसतं.

आबा टिनाच्या शेडखाली होता आणि त्याच्या गळ्यात साखळी होती. मामांनी प्रेमानं बांधली होती, रस्त्यावर जाऊ नये म्हणून. मी जवळ गेलो तर तो गुरगुरला. साखळी जेवढी जाईल तेवढा मागं सरला आणि तिथून माझ्याकडे बघत राहिला. ती नजर पल्लवीच्या शेडमधल्या पहिल्या दिवसाची होती. तीन महिने पुसले गेले होते. साखळी सोडायची तर त्याच्याजवळ जायला हवं होतं, आणि तो जवळ येऊ देत नव्हता.

‘लय घमंडी कुत्रं हाय जी,’ मामा म्हणाले. ‘भाकर टाकली का पाह्यत रायते. मी तिकडं गेलो का मंग गायब होते. हे खाते का उंदीर खाते, कोनाले मालूम.’

मी त्यांच्याकडून भाकरी मागून घेतली, दुधात कुस्करली, भांडं ठेवलं. गवत नाही ना, हे नीट बघून मातीत बसलो आणि कपाशीकडे तोंड केलं.  पुस्तक नव्हतं, म्हणून दवाखान्याची फाइल उघडली. ती अमोलनं मला गाडीतच दिली होती. सोनोग्राफीत काहीही नव्हतं.

‘सर रुसले काय?’ मामांनी अमोलला विचारलं.

मीनल आली आणि माझ्या शेजारी बसली, कपाशीकडे तोंड करून. थोड्या वेळानं अमोलनं पँट वर ओढली आणि तोही बसला. तिघं ओळीनं, कुत्र्याकडे पाठ करून.

‘अरे, असं काय करून राहिले तुमी लोकं?’ मामा म्हणाले. मी त्यांना हातानं खुणावलं. तेही वळले.

मी फाइलची सगळी पानं वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. तेव्हा मागं साखळी हलली आणि भांडं मातीवर खरडलं.

मीनलनं माझा हात घट्ट धरला, पण वळली नाही.

बरं

दुसऱ्या भाकरीनंतर आबानं साखळी सोडू दिली. तो घरी आल्यावर कांताबाईंनी पदर घेतला आणि मग तोच पदर डोळ्यांना लावला. मी त्यांना दवाखान्यातलं सगळं सांगितलं, दाराच्या काचेचंही. मालतीच्या वेळी मी काय केलं तेही बोलून गेलो.

भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, ‘बाईले सारं मालूम व्हतं, सर.’

‘काय मालूम होतं?’

‘बिमारीचं. त्याईनंच मले सांगतलं. म्हने, सराले सांगू नको का मले मालूम हाय. त्यायचा धीर सुटीन.’

मी खुर्चीवर बसलो. बराच वेळ नळ वाहत होता आणि त्यांनीही तो बंद केला नाही. या घरात पाच महिने दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती. मालतीला काय बोलायचं असेल, ते आता मला कधीच कळणार नाही. या आजारपणातून मी बरा झालो असं सगळे म्हणतात. ताप गेला, एवढं खरं आहे.

मागच्या महिन्यात आबाचं खाणं कमी झालं, पाणी मात्र फार प्यायला लागला. त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. टेबलावर तो माझ्या पोटाला टेकून उभा होता. भीतीनं, प्रेमानं म्हणून नव्हे. डॉक्टरांनी रक्ताचा कागद वाचला, आबाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, ‘सर, जरा बाहेर या.’

‘इथंच सांगा,’ मी म्हणालो.

‘अहो, तसं नाही...’

‘त्याच्यासमोर सांगा.’

डॉक्टर आधी हसले. मग हसायचे थांबले. मूत्रपिंडं संपत आली आहेत, म्हणाले. औषधानं काही महिने निघतील. मी माझा हात आबाच्या मानेवर, जिथं केस येत नाहीत तिथं ठेवला होता. त्यानं तो राहू दिला.

घरी आल्यावर मी भाताची पेज आणि औषध कालवून भांडं ठेवलं, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि या वेळी पुस्तक घेतलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं, आजाराच्या नावासकट, मोठ्यानं सांगितलं. काही महिने आहेत. साखळी नसेल. मी इथंच असेन. बोलताना मला लाज वाटत होती, तरी शेवटपर्यंत बोललो.

मग वळून पाहिलं. तो भांड्याशी उभा होता, नाकाला पेज लागलेली. मला बघून खायचा थांबला आणि नेहमीच्या त्या संशयानं बघत राहिला.

‘बरं,’ मी म्हणालो आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

थोड्या वेळानं मागून भांडं फरशीवर सरकल्याचा आवाज आला.